मोह की टेंभूर?

माणूस निवृत्त झाला की त्याला दोन गोष्टींची फार गोडी लागते. एक, स्वतःच्या प्रकृतीची. आणि दुसरी, दुसऱ्याच्या पैशाची. गोंदियाच्या स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही जे पाचजण रोज संध्याकाळी जमतो, त्यांनी पहिला विषय फार पूर्वीच बंद केला. कारण एकानं आपल्या रक्तदाबाचा आकडा सांगितला की दुसरा ईर्ष्येनं त्याहून वरचा सांगायचा, आणि घरी जाईपर्यंत तो खराच व्हायचा. तेव्हापासून आम्ही फक्त दुसऱ्याच्या पैशावर बोलतो. त्यानं कोणाचाही रक्तदाब वाढत नाही. ज्याचे पैसे असतात तो तिथं नसतोच.

आमच्यात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. ज्या खात्याची पेन्शन, ते नाव. रेल्वेतले ते गार्डसाहेब, शाळेतले ते गुरुजी, टपालखात्यातला तो पोस्टमास्तर आणि मी बँकवाला. पाचव्याला पेन्शन नाही, कारण त्याची राइस मिल आहे. त्याला आम्ही शाळेपासून शेठच म्हणतो. पोस्टमास्तर, शेठ आणि मी एका वर्गातले. म्हणजे बाक वेगवेगळे, पण छड्या सारख्याच.

आता तुम्ही म्हणाल, या वयाची माणसं एकत्र आली की क्रिकेटवर बोलत असतील. नाही. आम्ही हॉकीवर बोलतो. हॉकीची चर्चा करणारे पाच लोक एका जागी सापडणं हे आता नागझिऱ्यात एकाच पाणवठ्यावर पाच वाघ दिसण्याइतकं दुर्मीळ आहे. पण आम्हांला हा रोग पूर्वेकडून लागला. गोंदियाहून हावड्याच्या दिशेला जाणारी गाडी पकडा. आमगाव, सालेकसा, दरेकसाचा बोगदा, मग डोंगरगडची बमलेश्वरी आणि त्यापुढे राजनांदगाव. देशात त्या गावाला हॉकीची नर्सरी म्हणतात. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या नावानं तिथं हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा भरते. गार्डसाहेबांनी नोकरीतल्या निम्म्या ड्यूट्या त्या स्पर्धेच्या तारखा पाहून लावून घेतल्या, असा त्यांच्यावर आरोप आहे. तो त्यांनी कधी नाकारलेला नाही. "गाडी टाइमात गेली ना? मंग?" एवढंच ते विचारतात.

तर १३ ऑक्टोबर २०२४. आदल्या दिवशी दसरा झालेला, खिशात अजून आपट्याची पानं. हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर बंद पडली होती, ती पुन्हा सुरू होणार होती, आणि त्या दिवशी दिल्लीत खेळाडूंचा हर्रास होता. आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. तेंदूपत्त्याचा हर्रास होतो, बाजाराच्या ठेक्याचा होतो; माणसांचा होताना आम्ही पहिल्यांदाच इतक्या निवांतपणे पाहत होतो. टपरीवाल्याच्या पोरानं मोबाइल बरणीला टेकवून ठेवला होता. पाच चष्मे त्यावर झुकले.

पहिली अडचण अशी आली की पुरुषांचे संघ आठ. दिल्ली, हैदराबाद, तामिळनाडू, बंगाल, सगळे होते, पण महाराष्ट्राचा एकही नाही. म्हणजे आम्ही बिनआईबापाचे रसिक. मग प्रत्येकानं एकेक संघ दत्तक घेतला. गार्डसाहेबांनी कलिंग लान्सर्स घेतला, कारण तो साधारण त्यांच्याच लाइनवर पडतो. गुरुजींना हैदराबादच्या संघाचं 'तुफान्स' हे नाव आवडलं. चाळीस वर्षं वर्ग शांत करण्यात गेल्यामुळे असेल. शेठनं बंगाल टायगर्स घेतला. "वाघ म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा माणूस," तो म्हणाला. मी पॅरिसच्या कांस्यपदकाला जागून हरमनप्रीत ज्या संघात जाईल तो घ्यायचं ठरवलं. पोस्टमास्तरनं गोनासिका नावाचा संघ घेतला.

"तोच काहून?" मी विचारलं.

"त्याले कोणीच घेऊन नाही राहिलं, म्हणून," तो म्हणाला.

हर्रास सुरू झाला आणि आम्ही एकदम तज्ज्ञ झालो. प्रत्येक संघाला ४ कोटींची थैली आणि त्यात २४ खेळाडू घ्यायचे. हरमनप्रीतसिंग ७८ लाखांना सूरमा क्लबकडे गेला, तेव्हा मी टाळी वाजवली आणि शेठनं कपाळावर हात मारला. "अबे, चार कोटीतले अठ्ठ्याहत्तर लाख एकाच पोत्यात! बाकीच्या तेवीस जणाले काय भुसा देशील?" पण लगेच त्याच्या वाघांनी अभिषेकसाठी ७२ लाख मोजले, तेव्हा त्यानं तीच गोष्ट दूरदृष्टी म्हणून समजावून सांगितली. (पुढच्याच महिन्यात क्रिकेटवाल्यांनी जेद्दामध्ये ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. शेठनं तिथल्या तिथं भाग दिला. "एका पंतात पावणेसात हॉकीसंघ," तो म्हणाला, आणि पाच मिनिटं कोणी चहाला हात लावला नाही.)

गुरुजींचा नातू कॅनडात असतो. तिथं हॉकी म्हणजे बर्फावरची. गुरुजी सांगू लागले की तिकडे नवीन पोरं हर्रासानं घेत नाहीत, पाळीपाळीनं निवडतात. आणि गेल्या हंगामात जे संघ तळाशी राहिले, त्यांना चिठ्ठ्या टाकून आधी निवडू देतात.

"म्हणजे नापास झाल्यावर पहिला बाक!" गार्डसाहेब खूश झाले.

"आणि ही निवडायची पाळीसुद्धा विकता येते," गुरुजी म्हणाले. "पुढच्या वर्षीची पाळी आज देऊन टाकायची आणि बदल्यात तयार खेळाडू घ्यायचा."

शेठच्या डोळ्यांत आदर दिसला. "उभं पीक विकून राहिले म्हणा ना."

मग गुरुजींनी वेन ग्रेट्स्कीची गोष्ट सांगितली. १९८८ साली एडमंटन संघानं आपला हा देवासारखा खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला. बदल्यात दीड कोटी डॉलर, काही खेळाडू आणि निवडीच्या तीन पाळ्या. देशभर इतका गहजब झाला की सरकारनं मध्ये पडून हा सौदा थांबवावा, अशी मागणी एका खासदारानं केली. पत्रकारांसमोर बोलताना ग्रेट्स्कीला रडू कोसळलं.

यावर आमच्यात जोरदार वाद झाला. शेठच्या मते सौदा चोख होता. गार्डसाहेबांच्या मते ती बदली होती आणि बदलीला कोणी रडत नसतं. पोस्टमास्तर एवढा वेळ गप्प होता. त्याचं लक्ष मोबाइलकडे होतं. पडद्यावर एका पोराचा फोटो आला. पुकारणाऱ्यानं त्याची बोली दोन-तीनदा पुकारली. कोणाचाच हात वर झाला नाही. 'अनसोल्ड' म्हणून हातोडा पडला आणि लगेच दुसरा फोटो आला.

आम्ही हसलो. का हसलो, सांगता येणार नाही. पाच म्हातारे एकत्र बसले की हसतात.

"नाव घेऊन नको होतं बोलाले," पोस्टमास्तर म्हणाला. "घरी सगळे पाहत असतील त्याच्या."

मी चहाच्या ग्लासात पाहू लागलो. चहा संपला होता तरी पाहत होतो.

आमच्या लहानपणी भिडू कसे वाटून घेत, ते तुम्हांला आठवत असेल. दोन कप्तान उभे राहायचे. बाकीची पोरं जोड्या करून लांब जायची, खांद्यावर हात टाकून कानात काहीतरी ठरवायची आणि परत येऊन विचारायची, "मोह की टेंभूर?" तुमच्याकडे आंबा की चिंच, किंवा चंद्र की सूर्य असेल. आमच्याकडे जंगल जवळ, म्हणून मोह आणि टेंभूर. कप्तान मोह म्हणाला की जो मोह असेल तो त्याचा, उरलेला दुसऱ्याचा. कोण कोण आहे हे कप्तानाला ठाऊक नसायचं. त्यामुळे कोणाला नाकारलं असं कधी होतच नसे. नाकारलं जायचं ते टेंभूर. आणि अगदीच लहान पोर असलं तर ते कच्चा लिंबू म्हणून दोन्हीकडून खेळायचं. अनसोल्ड हा प्रकारच नव्हता. कॅनडापासून दिल्लीपर्यंत इतकी शहाणी माणसं आहेत, पण एवढी सभ्य पद्धत चड्डीची बटणं तुटलेल्या पोरांनाच सुचली.

अर्थात आम्ही त्यातही लबाडी करायचो. पोस्टमास्तर आणि माझं ठरलेलं होतं. तो कोणाबरोबरही जोडीनं गेला तरी मोह तोच व्हायचा, आणि मी कप्तान असलो तर नेहमी मोहच मागायचो. अशी काही वर्षं आम्ही एकाच बाजूनं खेळलो. कोणाला संशय आला नाही. किंवा आला असेल. पोरं मोठ्या मनाची होती.

मग १९७५ चा मार्च आला. क्वालालंपूरला अशोककुमारनं पाकिस्तानवर गोल मारला, भारत २-१ नं विश्वचषक जिंकला आणि आमच्या शाळेत बाभळीची एकही वाकडी फांदी झाडावर राहिली नाही. थंडीत राजनांदगावच्या एका शाळेशी सामना ठरला. मी कप्तान. गोलात आठवीपासून पोस्टमास्तर उभा राहायचा. त्याचे वडील पोस्टमन, त्यामुळे वस्तू अडवण्यापेक्षा पोचवण्याकडे घराण्याचा कल, पण बरा होता. फक्त शाळेकडे ना स्टिका होत्या ना तिकिटाचे पैसे. तेव्हा शेठच्या वडिलांनी जालंदरहून चार नव्या स्टिका मागवल्या आणि तेरा जणांचं तिकीट देऊ केलं. त्यांनी अट काही घातली नाही. नुसतं म्हणाले, "आमचाही पोरगा गोलात उभा राहतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "कप्तान तू आहेस. नावं तू काढ."

मी काढली. मैदानावर रांग करून सरांनी ती मलाच वाचायला लावली. तेरा नावं. वाचताना मी कागदावरून नजर उचलली नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली तेरा नावं मी जणू फाटलेल्या पोथीसारखी वाचली. त्या दिवशी मोह मी मागितला होता, पण तो माझा मित्र नव्हता.

दरेकसाच्या बोगद्यात सगळी पोरं रिवाजाप्रमाणे ओरडली. मी ओरडलो नाही. सामना आम्ही सहा गोलांनी हरलो. शेठ गोलात उभा होता, पण गोल अडवायला नव्हे, झाकायला. आणि जिथं झाकलेलं नव्हतं तिथून सहा गेले. रात्री गोंदियाला उतरलो तर पोस्टमास्तर फलाटावर हजर.

"किती?"

"सहा-शून्य."

"मी असतो तं सात झाले असते," तो म्हणाला, आणि माझी पिशवी घेऊन चालू लागला. त्यानंतर या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. एकमेकांच्या लग्नात वाढलं, त्याच्या वडिलांना खांदा दिला, कर्जाला जामीन राहिलो. पण हे नाही.

त्या संध्याकाळी बाकीचे उठले, तेव्हा मी त्याला थांबवलं. एकोणपन्नास वर्षं तयार ठेवलेलं वाक्य तोंडात आलं आणि नेहमीप्रमाणे त्याचं दुसरंच झालं. "अबे, ते राजनांदगाव आठवते का तुले?"

"चार स्टिका अन् तेरा तिकिटं," तो म्हणाला. "आजच्या भावानं किती होतील गा?"

"तुले माहीत होतं?"

"स्टिकांचं पार्सल जालंदरहून आलं. शेठच्या घरी कोणी पोचवलं? माह्या बापानं." तो हसला. "नाही नेलं त्याचं काही नाही वाटलं मले. तिकिटं नसती तं कोणीच नसतं गेलं. नावं वाचताना तू माह्याकडे पाह्यलं नाही, ते वाटलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. उशीर झाला होता, पण पाहिलं. तो म्हणाला, "आता काय पाहतं? चष्म्याचा नंबर वाढला का?" आणि आम्ही घरी गेलो.

२८ डिसेंबरला लीग सुरू होणार होती. आदल्या संध्याकाळी असं ठरलं की समोशांची पैज लावायची. ज्याचा दत्तक संघ लीग जिंकेल, त्याची बाजू खाणार, दुसरी पैसे देणार. गुरुजी पंच, पंचाला दोन्हीकडून फुकट. गार्डसाहेब आणि मी कप्तान. उरले दोघं, पोस्टमास्तर आणि शेठ. ते खांद्यावर हात टाकून रिक्षा स्टँडपर्यंत गेले, कानात कुजबुजले आणि डुलत डुलत परत आले. स्टेशनवरची माणसं थांबून पाहू लागली.

"मोह की टेंभूर?" शेठनं विचारलं.

मी क्षणाचाही विचार न करता मोह म्हणालो.

शेठ माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"अबे, मोह तं तू होता ना?" मी पोस्टमास्तरवर ओरडलो.

"होतो," तो शांतपणे म्हणाला. "पण ट्रेड झाला ना गा."

१ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलात बंगाल टायगर्सनं हैदराबाद तुफान्सला ४-३ असं हरवलं. जुगराजसिंगनं तीन गोल मारले. शेठचा वाघ जिंकला, म्हणजे मीही जिंकलो. शेठला ही सगळी कहाणी अजून ठाऊक नाही, आणि बाजारभावाखेरीज तो काही वाचत नसल्यामुळे पुढेही कळणार नाही. समोशांचे पैसे गार्डसाहेबांनी आणि पोस्टमास्तरनं दिले. नोटा मोजून झाल्यावर पोस्टमास्तरनं माझ्याच बशीतला एक समोसा उचलला आणि म्हणाला,

"चला, शेठले गोलात घेऊन जिंकला बाप्पा तू एकदाचा."