शेततळ्यातलं शेवाळ आणि भाच्याचा सकर मासा



साताऱ्याहून भाचा सुट्टीला आला तो बादली घेऊनच. आत फूटभर लांबीचा काळपट, खवल्याखवल्यांचा मासा. म्हणाला, "मामा, हा शेवाळ खातो. तुमच्या तळ्यात सोडू."

यंदा शेवाळानं मला रडवलंय. द्राक्षाला पाणी सोडलं की सँड फिल्टर तासाभरात चोंदतो, ड्रीपर बंद पडतात. मोरचूद टाकायचा विचार होता, पण तळ्यात रोहू-कटला आहेत. तांब्याचा डोस चुकला तर मासे जातात, आणि सगळं शेवाळ एकदम मेलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, त्यानंही मासे मरतात. म्हणून बादली बघून मन झालं, सोडावा.

आधी त्याला विचारलं, "घरी शेवाळ गेलं का रे?" म्हणाला, "नाही, वाढलंच." काचेची टाकी खिडकीत, ऊन दिवसभर, आणि पोरगं दिवसातनं चारदा खाद्य टाकायचं. उजेड आणि उरलेलं खाद्य, शेवाळाला अजून काय लागतं? त्यात हा मासा दुकानात दोन-तीन इंचाचा असतो, पुढं दीड फुटापर्यंत जातो. मोठा झाला की शेवाळापेक्षा आयत्या खाद्यावर जास्त तुटून पडतो, आणि घाण करतो ती वेगळीच.

हे सांगताना माझंच मला हसू आलं. माशांना खाद्य तयार होईल म्हणून मी दर पंधरवड्याला तळ्यात शेण टाकत होतो. वर कोंडा-पेंड. म्हणजे शेवाळ मीच पोसत होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. लोकांनी टाकीतनं नदी-तलावात सोडला आणि आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी पसरला. काठात बिळं करतो, काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाडतो, आपल्या माशांचं खाणं पळवतो. माझ्या तळ्याचा सांडवा ओढ्यात, ओढा येरळेत, आणि येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. मग तो माझा राहत नाही.

पोराच्या डोळ्यात पाणी आलं. मासा मारायचा नव्हता, दुकानदार परत घेईना. शेवटी जुन्या सिमेंटच्या हौदात ठेवलाय, वर जाळी बांधून. निचरा ओढ्यात न सोडता नारळाच्या आळ्यात.

आता काय केलं ते सांगतो. शेण बंद. पेंड तेवढीच, जेवढी मासे थोड्या वेळात संपवतात. शेवाळाचे तरंगते थर जाळीनं काढून कंपोस्टात टाकले. सक्शन पाइपचं तोंड तळापासून वर आणि पृष्ठभागाच्या खाली ठेवलं. फिल्टर रोज बॅकवॉश. चंदेरा मासा पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ गाळून खातो, गवत्या मासा पाणवनस्पती खातो; पण तेही परदेशीच, म्हणून सांडव्याला जाळी लावल्याशिवाय सोडणार नाही, आणि सोडायच्या आधी मत्स्य विभागाला विचारणार.

भाच्याला घरासाठी सांगितलं: टाकी खिडकीतून हलव, दिवा सात-आठ तासच, खाद्य एकदाच, आठवड्याला पाव पाणी बदल. नळाचं पाणी क्लोरीन उडेपर्यंत एक दिवस उघडं ठेव. काचेवरचं शेवाळ स्पंजानं पूस.

फिल्टर आता तासाऐवजी चार तास चालतोय. शेवाळ संपलं नाही, पण हाताबाहेर राहिलं नाही. तुमच्या तळ्यात कोणी असा मासा आणून सोडत असेल, तर त्याला आधी सांडवा कुठं जातो ते विचारा.