दोन माको शार्क आणि आपली जीवदया



पाठशाळेत जलचर जीवांचा विषय निघाला की एखादं मूल हमखास विचारतं, "शार्क तर दुसऱ्यांना खातो, मग त्याच्यावर दया कशाला?" मी सांगते, त्याचा आहार त्याच्या पर्यायाचा आहे, त्याला दुसरी वाट नाही. आपल्याला आहे. शिवाय तो पंचेंद्रिय जीव आहे, आपल्यासारखाच जगू पाहणारा.

खुल्या समुद्रात माको शार्कच्या दोनच जाती आहेत. आखूड पराचा माको शार्कमध्ये सर्वांत वेगवान. त्याच्या मुस्कटाची खालची बाजू पांढरी. लांब पराच्या माकोचे छातीजवळचे पर डोक्याइतके लांब, डोळे मोठे आणि मुस्कटाची खालची बाजू काळपट. ही दुसरी जात 1966 मध्ये क्यूबाकडच्या समुद्रातून शास्त्राला कळली. दोघांची पिल्लं पोटात वाढून जिवंत जन्मतात. आखूड पराच्या मादीला वयात यायलाच अठरा-वीस वर्षं लागतात. लांब पराच्या मादीला एका वेळी दोन ते आठच पिल्लं होतात. मेलेल्यांची जागा भरायची कधी?

ट्यूना आणि तलवार माशासाठी सोडलेल्या मैलोन् मैल दोरीच्या गळांना हे दोघे अडकतात. मांस आणि पर विकले जातात. 2019 मध्ये दोन्ही जाती संकटग्रस्त ठरल्या आणि त्याच वर्षी त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आलं. प्रस्ताव मुख्यतः आखूड पराच्या माकोसाठी होता. कापलेले पर सारखेच दिसतात म्हणून दुसऱ्यालाही त्यात घेतलं. मला हे फार पटलं. ओळख पटत नसेल तर दोघांनाही अभय द्यावं, हीच तर जयणा. धान्यात शंका आली की आपणही ते बाजूलाच ठेवतो.

"आपण मासे खातच नाही, मग आपला काय संबंध?" असं वाटेल. पण काही क्रीममध्ये स्क्वालेन असतं. ते ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनतं आणि शार्कच्या यकृतातूनही काढतात. त्यासाठी मुख्यतः खोल समुद्रातले शार्क मारले जातात; माको नव्हे, पण जीव तोच. डब्यावर 'वनस्पतिजन्य' लिहिलेलं नसेल, तर कंपनीला विचारा. उत्तर आलं नाही, तर डबा दुकानातच राहू द्या. कंदमुळं टाळताना जो विवेक लावतो, तोच चेहऱ्याला काही लावतानाही हवा.