पाळकावाचून मंडळी

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाने बाजारावरून नाव घेतले, दुसऱ्याने आगगाडीवरून. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्या मार्गावर बडनेरा सोडले की मालखेड, मग आपले हे चांदूर रेल्वे आणि पुढे धामणगाव. दिवाळीच्या सुमारास खिडकीबाहेर पाहावे, तर काळ्याभोर जमिनीवर कापूस फुटलेला आणि तुरी डोलत असलेल्या.

या मुलखात मिशनरीही आले. ए. बी. सिम्प्सन यांनी उभारलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने वऱ्हाड-खानदेशात काम केले. अकोल्याप्रमाणे चांदूरलाही तिचे ठाणे होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू कमी झाले आणि उरल्या त्या गावोगावच्या लहान मंडळ्या. शहरातल्या चर्चला पूर्णवेळ पाळक परवडतो. मोजक्या घरांच्या मंडळीला तो कोठून परवडावा? मग पाळक नाही, त्या रविवारी उपासना चालवायची कोणी?

याचे उत्तर मराठी बायबलातल्या एका घरगुती शब्दात आहे : ‘वडील’. पौलाने नव्या मंडळ्यांत नेमले ते वडील, आणि तेही एक नव्हे, अनेक. एकाने शास्त्र वाचावे, दुसऱ्याने प्रार्थना करावी, तिसऱ्याने गीत सांगावे, कोणी आजाऱ्याच्या घरी जाऊन यावे. आपल्या अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तसेच हे.

पण वीणा देणे सोपे, किल्ली देणे कठीण! ज्याच्याकडे प्रार्थनागृहाची किल्ली आणि दानपेटीचा हिशेब, तो कोणी न नेमताच पाळक होऊन बसतो. नेमलेल्या पाळकाला जाब तरी विचारता येतो; या न नेमलेल्याला काय विचारणार?

रेव्हरंड ना. वा. टिळकांची कथा येथे आठवते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सारे ख्रिस्तभक्त त्यात एका पंगतीला. मिशनची सत्ता त्यांना नको होती. परंतु १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फोफावला नाही. गादी कोणाचीच नव्हती हे खरे. पण भार मात्र एकाच्याच खांद्यावर होता.

कायद्याचीही एक अडचण आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायला दीक्षित किंवा परवानाधारक धर्मोपदेशक, नाहीतर विवाह निबंधक लागतो. म्हणजे बावन्न रविवार आपण सांभाळले, तरी मुलीच्या लग्नाला बाहेरचा माणूस बोलवावाच लागतो. बहुतेक पंथांत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनही दीक्षित पाळकाच्याच हातून होते. तेव्हा पाळकावाचून चालते म्हणायचे, ते इतपतच.

मग उरलेले नीट चालावे कसे? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक साधे भांडण आहे. यरुशलेमेत रोजची शिधावाटणी होई. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही, की वाटणी आपल्याच मुठीत ठेवली नाही. मंडळीला म्हणाले, तुम्हीच सात माणसे निवडा. निवडलेल्या साताही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची कुरकुर, बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हाती कोठीची किल्ली आली.

मला वाटते, सारे मर्म येथे आहे. कामे नावानिशी वाटलेली हवीत, पाळी ठरलेली हवी, हिशेब सर्वांसमोर वाचला जावा. आणि मागच्या बाकावर बसलेल्या विधवेला ‘माझा वाटा राहिला’ असे मोठ्याने म्हणता यावे. तिचे ऐकले जात असेल, तर पाळक नसलेली मंडळीही पोरकी नव्हे. आणि ऐकले जात नसेल, तर पाळक असून तरी उपयोग काय?