वीतभर मातीचा राजा

२०१३च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधून प्राचीन पर्शियाच्या वस्तू आल्या. मी गेलो तो पर्शियाचा राजा सायरस याचा दंडगोल पाहायला.

काचेसमोर उभा राहिलो आणि आधी जाणवलं ते त्याचं लहानपण. लांबीला जेमतेम एक वीत, मध्ये फुगीर, छोट्याशा पखवाजासारखा. भाजलेली माती, एका अंगाचा मोठा टवका उडालेला आणि सगळ्या पृष्ठभागावर कीलाकार लिपीच्या दाट ओळी. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबिलोन जिंकल्यावर सायरसनं हा मजकूर लिहवून घेतला. तो तटबंदीच्या बांधकामात पुरला गेला आणि १८७९ मध्ये होर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननात सापडला.

त्याचा अनुवाद मी आधी वाचला होता. याला ‘मानवी हक्कांची पहिली सनद’ म्हणतात. मला ती ओढाताण वाटते. ही एका विजेत्याची स्तुती आहे. पण ती कुणाच्या नावानं केलीय ते पाहावं. मर्दुक या बाबिलोनच्या देवानं आपल्याला निवडलं, लढाईविना शहरात आणलं, असं पर्शियाचा राजा सांगतो. बाबिलोनच्याच भाषेत सांगतो. उचलून आणलेल्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या देवळांत परत पाठवल्या, माणसांना त्यांच्या गावी धाडलं, असंही सांगतो. जिंकलेल्यांच्या देवापुढे मान तुकवणारा विजेता! मी बराच वेळ तिथून हललो नाही.

शेजारी एक पारशी आजी नातवाला गुजरातीत सांगत होत्या, तुझ्या काकांचं नाव यांच्यावरून ठेवलंय. जमशेद, रुस्तम ही पारशांची जुनी, परंपरेतली नावं. सायरस आणि दारियस हे प्राचीन पर्शियाचे राजे मात्र त्यांच्या स्मृतीतून पुसले गेले होते. एकोणिसाव्या शतकात ग्रीक इतिहास आणि उत्खननं यांतून ते परत भेटले. त्या आजींच्या आवाजातला अभिमान मला फार भावला.

बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालत गेलो. तिथल्या वाच्छा अग्यारीच्या दाराशी माणसाच्या चेहऱ्याचे, पंखांचे बैल आहेत. ते मूळचे असिरियाचे. पर्शियाचा राजा झर्क्सिस यानं ते पर्सेपोलिसच्या महाद्वारात उभे केले आणि मुंबईच्या पारशांनी आपल्या दारात. इतकी वर्षं मी त्यांच्यावरून जात होतो. त्या दिवशी प्रथमच थांबून त्यांचे पंख, दाढी, मुकुट नीट पाहिले.