पिशव्या कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर पाण्याच्या काठी सगळ्यांच्या चपला, घड्याळं, चष्मे नि पिशव्या घेऊन कोण बसतं हो? तुमच्याकडचं मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे गेली बावीस वर्षं मी बसते. मला कुणी बसवलं, असंही नाही. आधी मुलं लहान होती म्हणून, मग पाण्याची भीती म्हणून, आणि पुढे पुढे सवय म्हणून!

गेल्या डिसेंबरात आम्ही मालवणला गेलो. तारकर्लीला उतरलो होतो. पहिल्या दिवशी देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत कयाक चालवायची ठरली. कयाक म्हणजे दोघांची अरुंद, हलकी होडी; वल्हं आपणच मारायचं. लेकीनं मला जवळजवळ ओढूनच बसवलं. पाणी संथ, अंगात जीवरक्षक जाकीट. दहा मिनिटांत भीती गेली नि दंड मात्र भरून आले! त्याच धिटाईवर मी म्हणून गेले, “उद्या मीही समुद्रात उतरते.” हे चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला हा किल्ला आपण शाळेत शिकलेलो असतो. पण त्याच्या आसपासच्या पाण्यात, खडकांवर पोवळ्यांची वस्ती आहे, हे मला कुठं माहीत होतं? हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली ते जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर.

लेक हवेची टाकी पाठीला लावून खोल गेली. मी आपली वरवरच तरंगणार होते. डोळ्यांवर नि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात नळी. श्वास तोंडानंच घ्यायचा. जन्मभर नाकानं श्वास घेतलेल्या बाईला हे किती अवघड जातं म्हणून सांगू! बरोबरचा मुलगा माझ्या थोरल्याच्या वयाचा. म्हणाला, “काकी, घाबरू नकात. काय एक होऊचा नाय.”

तोंड पाण्यात घातलं मात्र, आणि मी भीती विसरले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी हाताशी येऊन वळत होते. खाली खडकावर कुठे मेंदूसारख्या वळ्या, कुठे पसरट थर. वर आमच्या होडीची गडबड, नि खाली कशी शांतता!

तेवढ्यात मुखवट्यात पाणी शिरलं. मी घाबरले, धडपडले आणि सापडेल तिथं पाय टेकवला. पायाखाली पापड मोडावा तसं काहीतरी मोडलं. मुलानं मला चटकन वर उचललं. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला, “काकी, ता दगड नाय. जिता आसा ता.”

त्या रात्री माझं जेवणात लक्ष लागेना. पोवळं म्हणजे दगड नव्हे, झाड तर नव्हेच. इवल्याइवल्या प्राण्यांनी मिळून बांधलेलं ते घर असतं. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं नि यजमानाला देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं, पोवळं पांढरं पडतं, आणि ताप लांबला तर मरतंही. कित्येक जातींची पोवळी वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे मी एका पावलात मोडलं, ते कुणाच्या किती वर्षांच्या कष्टाचं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय कितीतरी माशांची पिल्लं या खडकांच्या आडोशाला वाढतात. माशांचं ते माहेरच म्हणा ना! आपल्या ताटातल्या मासळीचं असं माहेर असतं, हे बाजारात घासाघीस करताना कधी मनात आलं नव्हतं.

मग काय, जाऊच नये? तसं मुळीच नाही. जावं, पण परक्या घरी जातो तसं. कुणाच्या स्वयंपाकघरात आपण चपला घालून शिरतो का?

म्हणून अनुभवाचे चार शब्द. आधी काठाशी, उथळ वाळूत मुखवटा लावून तोंडानं श्वास घ्यायचा सराव करा. घाई कुणी केली तरी ऐकू नका. केस घट्ट बांधा, मुखवट्याखाली बट राहिली की पाणी शिरतं. माझं तेच झालं होतं. साडी, ओढणी नको. अंगाबरोबर बसणारे, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. दागिने मुक्कामीच ठेवा. पोटभर जेवून उतरू नका. दमा, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाय कुठेही टेकू नका, दमलात तर जाकिटाच्या भरवशावर पाठीवर तरंगा. माशांना पाव टाकू नका. ते त्यांचं अन्न नव्हे. शंख-पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून आणू नका. आणि पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊच नका.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा उतरले. केस आवळून बांधले होते, पाय वर ठेवले होते. अर्धा तास तरंगले, कशालाही हात लावला नाही. डोकं वर काढलं तेव्हा होडीत हे बसलेले दिसले: मांडीवर माझी पर्स, हातात माझा चष्मा, शेजारी सगळ्यांच्या पिशव्या.

“पुरे झालं का?” त्यांनी विचारलं.

“आणखी पाचच मिनिटं हं!” मी म्हटलं, नि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.