अर्ध्या वाक्यातले मरण

पॅट्रिक ओब्रायन यांच्या ऑब्री-मॅट्युरिन मालिकेतील 'द हंड्रेड डेज' (१९९८) ही एकोणिसावी कादंबरी आम्ही प्रथम वाचली ती लोकलच्या गर्दीत, उभ्याने. अखेरीस एक चकमक आहे. शत्रूच्या गोळ्याने एक तोफ उद्ध्वस्त होते, तिच्यावरचा बॉन्डन आणि एक तरुण मिडशिपमन ठार होतात, आणि कथन पुढे सरकते. आम्हीही पुढे सरकलो. दोन स्टेशनांनंतर काहीतरी खटकले म्हणून पान मागे उलटले, तर बॉन्डन खरोखरच गेला होता. लेखकाने त्याला अर्ध्या वाक्यात निरोप दिला होता.

नेपोलियनकालीन ब्रिटिश आरमार हे या मालिकेचे क्षेत्र. कप्तान जॅक ऑब्री आणि त्याचा मित्र, जहाजाचा शल्यविशारद व गुप्तहेर स्टीफन मॅट्युरिन, हे तिचे नायक. १९६९ ते १९९९ या काळात तिच्या वीस कादंबऱ्या पूर्ण झाल्या. बॉन्डन पहिल्या कादंबरीपासून सोबत आहे. तो ऑब्रीचा कॉक्सवेन, म्हणजे कप्तानाच्या होडीचा तांडेल म्हणावा असा. ऑब्री त्याला मिडशिपमन करू पाहतो, तेव्हा आपल्यापाशी तेवढी विद्या नाही म्हणून तो नकार देतो.

ही पुस्तके आम्हांला वाचायला देणारे आमचे स्नेही, एक निवृत्त प्राध्यापक, या मरणावर फार संतापले होते. "इतकी वर्षे घरात वावरलेला माणूस असा उंबऱ्याबाहेर ठेवून द्यायचा?" असे ते म्हणत. लेखक थकला होता, हा त्यांचा निष्कर्ष. आम्हांला तो मान्य नव्हता.

ओब्रायन यांनी मालिकेत काळच थोपवून धरला होता. 'द फार साइड ऑफ द वर्ल्ड' (१९८४) या दहाव्या कादंबरीच्या प्रास्ताविकात ते मोकळेपणाने कबूल करतात की मालिका एवढी लांबेल हे ठाऊक असते तर आरंभ आधीच्या सालापासून केला असता. आता १८१२ला जोडून एखादे काल्पनिक वर्ष घालावे लागेल. पुढच्या कित्येक कादंबऱ्या याच लांबवलेल्या काळात घडतात. माणसे फारशी म्हातारी होत नाहीत, आणि निकटच्या वर्तुळातले कोणी मरणार नाही अशी वाचकाची समजूत होऊन बसते. 'द हंड्रेड डेज'मध्ये १८१५ साल उजाडते, कॅलेंडर पुन्हा चालू लागते, आणि थकलेली देणी एकदम वसूल होतात. मॅट्युरिनची पत्नी डायना गाडीच्या अपघातात गेल्याचे पहिल्याच प्रकरणात त्रयस्थांच्या बोलण्यातून कळते. शेवटी बॉन्डन जातो.

ऑब्रीला एक संरक्षण आहे. त्याच्यामागे थॉमस कॉक्रन या खऱ्या अधिकाऱ्याचे चरित्र उभे आहे: १८०१ मध्ये 'स्पीडी' या छोट्या जहाजाने जिंकलेले 'गामो', १८१४चा शेअर बाजाराचा खटला. 'स्वामी' वाचणाऱ्यालाही माधवराव जाणार हे आधीच ठाऊक असते. इतिहास त्याची तयारी करून घेतो. बॉन्डनमागे असा इतिहास नाही. त्याच्यासारख्यांची नोंद जहाजाच्या हजेरीपटापलीकडे क्वचितच होते. त्याला शोकप्रसंग देणे म्हणजे त्या युद्धाने त्याच्या वर्गाला जे कधी दिले नाही ते देणे झाले असते.

आणि ही वृत्ती उतारवयातली नव्हे. 'एचएमएस सरप्राइज'मध्ये (१९७३) मॅट्युरिन मुंबईत दिल नावाच्या गरीब मुलीला हौसेने चांदीच्या बांगड्या देतो. त्या बांगड्यांसाठीच तिचा खून होतो. तो प्रसंगही मोजक्याच शब्दांत येतो.

हे सारे आम्ही स्नेह्यांना ऐकवले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचे बरोबर असेल. पण ऑब्रीला तरी दोन अश्रू येऊ द्यायचे होते."

पुढे काही वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याशी आम्ही प्रश्नपत्रिकेसंबंधी फोनवर बोलत होतो. "सर गेल्यानंतर," असे तो बोलण्याच्या ओघात म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. आम्हीही त्या मुद्द्याचे उत्तर दिले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ जागचे हलवले नाही.

ते अर्धे वाक्य खरे आहे, हे मत आम्ही बदललेले नाही. पण आता वर्गात ते शिकवताना आम्ही स्नेह्यांचा आक्षेपही आवर्जून सांगतो, आणि त्याचे खंडन करीत नाही.