ठिपके गेले तरी

दादर

चि. मुक्तास,


तुझा रात्रीचा निरोप सकाळी वाचला. ‘आत्या, ठिपके गेले, आता औषध बंद करून मासे मोठ्या टाकीत सोडू ना?’ सोडू नकोस. चहाही बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

अंगावर मिठाच्या कणासारखा जो ठिपका दिसतो ना, त्याच्या आत एक परजीवी कातडीखाली बसून माशाला खात असतो. तीन ते सात दिवसांत त्याचं पोट भरतं. मग तो आपणहून सुटतो, तळाला जातो, वाळूला नाहीतर दगडाला चिकटून स्वतःभोवती कोष बांधतो. तुझे ठिपके गेले ते असे. त्या एका कोषात दोनशेपर्यंत पिल्लं तयार होतात आणि बहुतेक रात्रीच्या अंधारात बाहेर पडतात, नेमके मासे तळाशी निजलेले असताना. दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर पिल्लू मरतं. तांब्याचं औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालचा सुरक्षित, कोषातलाही सुरक्षित. म्हणून धीर धरायचा.

मी धरला नव्हता. माझा निळा सर्जन मासा तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. पाचव्या दिवशी अंग स्वच्छ दिसलं, दुकानदारही म्हणाला, झालं बरं, आणि मी त्याला परत मोठ्या टाकीत सोडला. नवव्या पहाटे टॉर्च घेऊन पाहिलं, तर तो पंपाच्या धारेखाली तोंड वर करून उभा. कल्ले इतके भरभर हलत होते की मोजता येईनात. अंगावर एकही ठिपका नव्हता. सगळे कल्ल्यांत होते, जिथे आपल्याला दिसत नाहीत. दुपारपर्यंत गेला. पिवळ्या शेपटीची ती कड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तू छोट्या टाकीत औषध करते आहेस, हे फार बरं केलंस. मोठ्या टाकीत एक थेंबही नको. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी तांब्याने मरतात आणि दगड ते शोषून घेतात. तुझ्याकडे साधं कॉपर सल्फेट आहे, तर मुक्त तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेव. त्याखाली गेलं तर पिल्लं जगतात, वर गेलं तर मासाच पोळतो. सकाळ-संध्याकाळ मोज. डोळ्यांना रंग सारखाच वाटला तरी पांढऱ्या कागदावर नळी धरून मोज. शेवटचा ठिपका गेल्यावरही दोन आठवडे औषध चालू राहू दे. छोट्या टाकीत दगड-वाळू नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाक, तेवढ्यानेही मासा शांत होतो. नव्या छोट्या टाकीत अमोनिया चटकन चढतो, तेव्हा तोही मोजत राहा.

आता मोठी टाकी. ती माशांविना रिकामी ठेवायची, ७६ दिवस. दचकू नकोस. प्रयोगात काही कोष तब्बल ७२ दिवसांनी फुटलेले आढळले आहेत, वर चार दिवस आपल्या खात्रीचे. प्रवाळांना रोज बघ, दिवे चालू ठेव, फक्त मासा नको. छोट्या टाकीतली जाळी, बादली, ओला हात, काहीही तिकडे नेऊ नकोस. एका थेंबातूनही पिल्लू जातं.

आणखी एक. माशावर ठिपक्यांऐवजी सोनेरी भुकटी पसरल्यासारखी दिसली आणि श्वास जोरात चालला, तर तो दुसरा परजीवी, वेल्व्हेट. तो फार लवकर मारतो. मग रात्र असो की पहाट, मला फोन कर.

तारापोरवाला मत्स्यालयात आपण काचेला नाक लावून बसायचो ना? ते १९५१ साली उघडलं. आपल्या या ठिपक्यांच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव मिळालं तेही त्याच वर्षी. तेव्हापासून कितीतरी जणांनी त्याच्यासाठी रात्री जागून काढल्या असतील.

शुक्रवारी सात वाजता येते. खारटपणा मोजायला माझं रिफ्रॅक्टोमीटर आणते. तुझ्यावर माझा भरवसा आहे, पण तुझ्या त्या तरंगणाऱ्या काचेच्या हायड्रोमीटरवर नाही. तोवर पाणी बदलायचं झालं, तर नव्या बादलीचं तापमान आणि खारटपणा दोन्ही आधी जुळवून घे.

तुझी,
आत्या